इमिग्रेशनच्या धाडी, गरोदर बाया आणि तान्ही बाळं

जास्वंदी

कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांना धरायला अमेरिकेत ज्या धाडी पडतात, त्यांवर इथे आधीच दोन-तीन धागे निघालेत. व्हिसा, कोर्टाचे निकाल, निवडणूक असं सगळं त्यात बोलून झालंय. पोटातल्या बाळाबद्दल मात्र कुणी लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून हा वेगळा धागा काढतेय.

मी अमेरिकेच्या मिडवेस्ट भागातल्या एका छोट्या क्लिनिकमध्ये आहारतज्ज्ञ आणि स्तनपान सल्लागार आहे. आमचं बरंचसं काम 'विक' योजनेचं. गरोदर बाया, बाळंतिणी आणि पाच वर्षांखालची मुलं यांच्यासाठीची ही सरकारी पोषण योजना. दूध, अंडी, कडधान्यं, फळं-भाज्या आणि लागलाच तर बाळाचा फॉर्म्युला यातून मिळतो. घरचं उत्पन्न, पत्ता आणि ओळख एवढंच विचारायचं असतं. तुमच्याकडे कोणता व्हिसा आहे, आहे की नाही, हा प्रश्न योजनेत नाहीच.

तरी खुर्च्या रिकाम्या राहायला लागल्यात. अपॉइंटमेंट घेतलेली असते, आदल्या दिवशी फोनवर 'येते' म्हणतात आणि येत नाहीत. मध्यंतरी एक आली, आठवा महिना लागलेला. हिमोग्लोबिनसाठी बोटाला सुई टोचणार तेवढ्यात तिने हात मागे घेतला आणि विचारलं, "मी दिलेला पत्ता पुढे कुठे जातो?" वजन केलं तर मागच्या भेटीपासून काटा जवळपास तिथेच. हळूहळू बोलती झाली. दुकानात जाणं तिने बंद केलंय, शेजारीण आठवड्यातून एकदा सामान आणून देते. ते पुरवायचं म्हणून मुलांना आधी वाढते आणि उरेल ते स्वतः खाते. तिला कुणी अटक केलेली नाही, तिच्या दारावर कुणी आलेलंही नाही. त्यांच्या गावापासून तासाभरावर धाड पडल्याची बातमी आली होती, एवढंच.

यावर सगळ्यात नीट झालेला अभ्यास आयोवा राज्यातला आहे. १२ मे २००८ ला पोस्टव्हिल नावाच्या गावात कोशर (ज्यू धर्माच्या नियमांप्रमाणे केलेल्या) मांसाच्या कारखान्यावर धाड पडली. गाव सव्वादोन हजार वस्तीचं आणि आलेले अधिकारी सुमारे नऊशे, वर हेलिकॉप्टर. ३८९ कामगार धरले, त्यातले बहुतेक ग्वाटेमालाचे. त्यांना वॉटर्लू शहरात जनावरांचं प्रदर्शन भरतं त्या मैदानावर नेलं आणि तिथेच तात्पुरती कोर्टं उभारून गटागटाने खटले चालवले. बहुतेकांना पाच महिन्यांची कैद आणि नंतर हद्दपारी. घरी लहान मुलं असलेल्या काही आयांना पायात इलेक्ट्रॉनिक कडं अडकवून सोडलं. म्हणजे काम करायची परवानगी नाही आणि गाव सोडायचीही नाही. गावातल्या सेंट ब्रिजेट चर्चने या कुटुंबांना महिनोन्महिने पोसलं.

पुढे मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी आयोवातले बावन्न हजारांहून जास्त जन्मदाखले तपासले. धाडीनंतरचे ३७ आठवडे आणि त्याआधीच्या वर्षातले तेच ३७ आठवडे अशी तुलना केली. लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, आयांची बाळं अडीच किलोपेक्षा कमी वजनाची जन्मण्याचा धोका २४ टक्क्यांनी वाढलेला दिसला. गोऱ्या आयांच्या बाळांत असा फरक दिसला नाही. २०१७ साली हा अभ्यास छापून आला.

मला त्यातली एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. हे आकडे पोस्टव्हिलपुरते नाहीत, सबंध आयोवाचे आहेत. आणि वाढ अमेरिकेतच जन्मलेल्या लॅटिना बायांमध्येही दिसली. या बाया नागरिक. त्यांना कुणी हद्दपार करूच शकत नाही. मग त्यांच्या बाळांचं वजन का घटावं?

तुमच्या पाहण्यातलं, वाचनातलं लिहा. आरोग्यक्षेत्रात असाल तर जरूर लिहा.

रानवारा

वाचून पोटात कालवलं. दवाखान्यात, हॉस्पिटलमध्ये अटक करता येत नाही असा नियम होता ना?

जास्वंदी

@रानवारा, होता. २०११ पासून तसा लेखी आदेश होता: शाळा, दवाखाने, चर्च अशा ठिकाणी शक्यतो कारवाई करायची नाही. जानेवारी २०२५ मध्ये नवं सरकार आल्या आल्या तो रद्द झाला. आमच्या क्लिनिकच्या आवारात आजवर कुणी आलेलं नाही. पण 'आता येऊ शकतात' एवढं बायांना पुरतं.

सरळवाट

विषय नाजूक आहे आणि मनापासून लिहितोय, गैरसमज नसावा. आम्ही बारा वर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेत आहोत. दर तीन वर्षांनी कागदपत्रांचा ढीग, वकिलाची फी, स्टॅम्पिंगला भारतात जायचं तर जीव मुठीत. सगळं नियमाने करतोय. ज्यांनी नियम पाळला नाही त्यांच्यावर कारवाई झाली तर तिला चूक कसं म्हणायचं? बाळाबद्दल मलाही वाईट वाटतं. पण मग गरोदर आहे म्हणून कायदाच लागू करायचा नाही का?

जास्वंदी

@सरळवाट, तुमची चिडचिड मला कळते, आमच्याही घरात त्या रांगेची बरीच वर्षं गेलीत. पण पोस्टव्हिलचंच बघा. त्या कामगारांवर 'दुसऱ्याची ओळख चोरली' असा जबर आरोप ठेवायची धमकी देऊन त्यांच्याकडून कबुलीजबाब घेतले गेले. वर्षभरात, २००९ साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात सांगितलं की वापरलेला ओळख क्रमांक खऱ्याखुऱ्या कुणा माणसाचा आहे हे आरोपीला ठाऊक होतं असं सिद्ध केल्याशिवाय हा आरोप टिकत नाही. तोवर पोस्टव्हिलची माणसं शिक्षा भोगून परत पाठवली गेली होती. तेव्हा कायदा लागू करणं ही एकच सरळ गोष्ट नसते. किती माणसं घेऊन, कुठे, कशी कारवाई करायची हे कुणीतरी ठरवत असतं आणि त्या ठरवण्याचे परिणाम होतात.

शिवाय वर लिहिलं ते पुन्हा लिहिते. ज्यांनी एकही नियम मोडला नाही अशा बायांच्या बाळांनाही त्याची झळ लागली. त्या बाळांचा या रांगेशी काय संबंध?

अंकलिपी

मी संख्याशास्त्रातला आहे, म्हणून थोडं खोदून विचारतो. २००८ हे भलतंच वर्ष होतं. मंदी सुरू झालेली होती. त्यात जून २००८ मध्ये आयोवात महापूर आला, सीडर रॅपिड्सचा मधला भाग पाण्याखाली होता. धाडीनंतर महिन्याभरातली गोष्ट. मग वजन घटलं ते धाडीमुळे की पुरामुळे की नोकऱ्या गेल्यामुळे? आणि २४ टक्के हा जो आकडा आहे त्याच्याभोवतीचा अनिश्चिततेचा पट्टा चांगलाच रुंद आहे. आयोवात लॅटिना आयांची बाळंतपणं मुळात थोडी, त्यामुळे तसं होणारच. एकट्या या अभ्यासावर मी फार भार टाकणार नाही.

आता दुसरी बाजू. पूर आणि मंदी गोऱ्या आयांनाही होतीच आणि त्यांच्यात वाढ नाही. लॅटिना कामगारांना मंदीचा फटका जास्त बसला असेल असं म्हणता येईल, पण मग तो धाडीच्या आधीच्या महिन्यांतही दिसायला हवा. त्यामुळे शंका राहते, पण कल अभ्यासाच्या बाजूने आहे असं माझं मत.

माझा विश्वास जास्त बसतो तो दुसऱ्या राज्यातल्या, दुसऱ्या काळातल्या आकड्यांमुळे. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतरच्या सहा महिन्यांत कॅलिफोर्नियात अरबी नावं असलेल्या बायांची बाळंतपणं शिकागो विद्यापीठाच्या डायान लॉडरडेल यांनी तपासली. कमी वजनाच्या बाळांचा धोका आदल्या वर्षाच्या तुलनेत ३४ टक्क्यांनी वाढलेला. बाकी कुठल्याच गटात तसं नाही. तिथे ना पूर होता, ना कारखाना बंद पडला होता. ॲरिझोनात २०१० साली पोलिसांना स्थलांतराचे कागद तपासायचा अधिकार देणारा कायदा आला, तेव्हाही कायदा नुसता मंजूर झाल्यावर, अंमलात यायच्या आधीच, स्थलांतरित लॅटिना आयांच्या बाळांचं सरासरी वजन थोडं उतरलेलं दिसलं. तीन ठिकाणी, तीन वेगळ्या वेळी एकाच दिशेला बोट दाखवलं जात असेल तर योगायोग म्हणणं अवघड.

केवडा

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, नाशिकला प्रॅक्टिस करते. 'नुसत्या भीतीने बाळाचं वजन कसं घटेल' असं बरेचजण विचारतात, म्हणून थोडं लिहिते.

भीती एकदाच वाटून गेली तर शरीर सावरतं. रोज, महिनोन्महिने राहिली की अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं चढत राहतात. अॅड्रेनलिनने रक्तवाहिन्या आवळतात, गर्भाशयाकडे जाणारं रक्त कमी होऊ शकतं. आईचं कॉर्टिसॉल जसंच्या तसं बाळापर्यंत पोचू नये म्हणून वारेत (प्लॅसेंटात) एक एन्झाइम असतं, ते बरंचसं कॉर्टिसॉल निकामी करतं. दीर्घ ताणात ही गाळणी कमजोर पडते असं अभ्यासांत दिसलंय. वार स्वतःही एक संप्रेरक तयार करते, ज्याचा संबंध कळा सुरू होण्याशी आहे. ताणात ते लवकर वाढलं तर ३७ आठवड्यांच्या आत प्रसूती होण्याचा धोका.

पण माझ्या मते हे सगळं एकीकडे आणि रोजचं जगणं दुसरीकडे. झोप नाही, जेवण धड नाही, घराबाहेर पाऊल नाही, नवऱ्याची मजुरी बंद, तपासण्या चुकलेल्या. बीपी वाढतंय हे तपासणीशिवाय कळत नाही. पायावर सूज आली, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत आणि बाई 'उद्या बघू' म्हणत घरात बसली तर ते बाळाच्या वजनापुरतं राहत नाही, आईच्या जिवावर बेततं. मला या सगळ्यात जास्त धास्ती त्या चुकलेल्या भेटींची वाटते.

दोन किलो तीनशेचं बाळ आणि दोन किलो आठशेचं बाळ यातला फरक बघणाऱ्याला छोटा वाटतो. कमी वजनाचं बाळ लवकर गार पडतं, त्याची साखर उतरते, ओढून दूध प्यायची ताकद कमी असते, जंतुसंसर्ग पटकन होतो. पुढे मोठेपणी मधुमेह, रक्तदाब यांचा धोका जास्त, हे तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या संशोधकांनी आपल्याकडच्याच बाळांवर वर्षानुवर्षं अभ्यास करून दाखवलंय.

एडिसनची लेक

इथे लिहावं की नाही असं झालं होतं, पण सरळवाट यांचा प्रतिसाद वाचून लिहितेय. तुमच्याशी भांडण नाही.

मी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर आहे, नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. आम्हीही सगळं नियमानेच करतो. अमेरिकेत जन्मलेल्या बाळाला आपोआप नागरिकत्व मिळतं, ते काही बाळांना नाकारणारा आदेश २० जानेवारी २०२५ ला निघाला तेव्हा मी आठव्या महिन्यात होते. त्या आदेशात फक्त कागदपत्रं नसलेल्या आया नव्हत्या. आई तात्पुरत्या व्हिसावर आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नाहीत, अशी बाळंही त्यात होती. म्हणजे आम्हीच. तीस दिवसांनंतर जन्मणाऱ्या बाळांना तो लागू होणार होता आणि माझी तारीख मार्चमधली.

त्या आठवड्यात आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय. २० फेब्रुवारीच्या आत सिझेरियन करून देणारा डॉक्टर कुणाला माहीत आहे का? एकीला सातवा महिना होता, तीही विचारत होती. सासूबाई रोज फोनवर 'काही करता येतं का बघा' म्हणायच्या. मी माझ्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की वैद्यकीय कारण नसेल तर ३९ आठवड्यांआधी बाळ बाहेर काढायचं नाही, फुप्फुसं तयार होऊ देत. २३ जानेवारीला सिएटलच्या न्यायाधीशांनी आदेशाला तात्पुरती स्थगिती दिली, पाठोपाठ मेरीलँडमधूनही आली. पण मधल्या त्या दिवसांत मला झोप नव्हती, बीपी पहिल्यांदाच वर गेलं आणि दिवसातून दोनदा घरी मोजायला सांगितलं. मुलगी वेळेवर आणि ठणठणीत झाली.

ज्या बाईला डॉक्टरला प्रश्न विचारायलाही भीती वाटते, तिचं काय होत असेल याचा मी तेव्हापासून विचार करते. 'नियम पाळणारे आणि न पाळणारे' ही रेघ आपण आखतो. सरकारने ती एका सहीने हलवली आणि मी पलीकडे गेले.

सरळवाट

@एडिसनची लेक, तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत. आदेश निघाला तेव्हा आमच्या ऑफिसातही दोघांच्या घरी बाळं होणार होती, ती धावपळ मी पाहिली आहे. कायदा असावा आणि तो पाळला जावा हे माझं म्हणणं कायम आहे. दवाखाना यातून बाहेर ठेवावा, एवढं मात्र मला पटलंय.

थेम्सकाठी

इंग्लंडमधली परिस्थिती थोडी वेगळी. धाडींपेक्षा इथे बिलाची भीती जास्त. २०१२ पासून सरकारनेच 'प्रतिकूल वातावरण' निर्माण करायचं धोरण उघडपणे जाहीर केलं. व्हिसाची मुदत संपलेल्या किंवा आश्रयाचा अर्ज फेटाळलेल्या बाईला बाळंतपणाचं बिल लागतं, तेही एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, दराच्या दीडपट. साधं बाळंतपण असलं तरी हजारो पौंड. पैसे नाहीत म्हणून प्रसूतीची सेवा नाकारायची नाही, असा स्पष्ट नियम आहे आणि मिडवाइफ तो पाळतात. पण ५०० पौंडांवरचं बिल दोन महिने थकलं की ती माहिती होम ऑफिसला (व्हिसा आणि स्थलांतर बघणारं खातं) कळवली जाते आणि पुढचा व्हिसा अडतो. हे बायांना माहीत असतं. म्हणून पहिली तपासणी दहाव्या आठवड्याला व्हायची ती सहाव्या-सातव्या महिन्यात होते.

जास्वंदींच्या त्या पेशंटने पत्त्याबद्दल विचारलं ते वाचून आठवलं. रुग्णांचे पत्ते होम ऑफिसला द्यायचा करारच इथे २०१७ पासून लागू होता. डॉक्टरांनी आणि खासदारांनी आवाज उठवला आणि २०१८ मध्ये तो मागे घ्यावा लागला.

चाळकरी

मुंबईत आम्ही काहीजणी वस्त्यांमध्ये माता-बालपोषणाचं काम करतो. आपल्याकडचंही लिहायला हवं. २०२५ मध्ये 'बांगलादेशी शोधा' मोहिमा जोरात झाल्या, त्यानंतर बंगाली बोलणाऱ्या कुटुंबांची पांगापांग आम्ही पाहिली. यात पश्चिम बंगालमधले, आधार-मतदार कार्ड असलेले लोकही होते. रात्रीतून खोली सोडून जातात. आशाताई दुसऱ्या दिवशी जाते तर दाराला कुलूप. नोंद आमच्या वॉर्डात, लोहाच्या गोळ्या आमच्याकडे आणि बाई कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही. नव्या जागी नाव नोंदवायला ती जातच नाही, कारण तिथे कागद मागतील.

दिल्लीतून जून २०२५ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बीरभूमच्या एका गरोदर बाईला घरच्यांसकट उचलून सीमेपार बांगलादेशात पाठवलं. ती तिकडे तुरुंगात राहिली. कलकत्ता उच्च न्यायालयाने परत आणायला सांगितलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि डिसेंबरमध्ये, दिवस भरत आले असताना, तिला मुलासह परत येऊ दिलं. जवळजवळ सगळं गरोदरपण यात गेलं. त्या काळातल्या तिच्या तपासण्यांचा हिशोब कुणी द्यायचा?

केवडा

+१. आमच्याकडे बांधकामावरच्या बायकांचंही कार्ड कायम आधीच्या गावात राहिलेलं असतं, पण त्या किमान विचारल्यावर सांगतात. नाव सांगायलाच घाबरणारी पेशंट म्हणजे डॉक्टरचे हात बांधल्यासारखं आहे. आधीचं सिझेरियन झालंय का, हेही ती सांगत नाही.

रानवारा

जास्वंदी, अंगावर पिणाऱ्या बाळांचं काय होतं? आईला धरून नेलं तर?

जास्वंदी

@रानवारा, ७ ऑगस्ट २०१९ ला मिसिसिपीमध्ये कोंबडीच्या कारखान्यांवर धाडी पडल्या, एका दिवसात ६८० माणसं धरली. त्यात चार महिन्यांच्या बाळाची आई होती, बाळ अंगावरचं. ते प्रकरण तेव्हा बरंच गाजलं.

माझ्या कामातलं सांगते. पाजणारी बाई बाळापासून अचानक तुटली की पहिल्या दिवसातच छाती दगडासारखी होते, गाठी होतात, ताप चढतो. दूध काढायला पंप आणि थोडी खासगी जागा नसेल तर पू होण्यापर्यंत जातं. तिकडे बाळ बाटली तोंडात धरत नाही, रडून रडून दमतं. आठवड्याभराने आई परत आली तरी दूध आटलेलं असतं आणि बाळ अंगाला लागेलच असं नाही. ते पुन्हा आणता येतं, मी आणलंय, पण त्यासाठी दिवसरात्र बाळ जवळ हवं आणि आईचं मन थोडं तरी थाऱ्यावर हवं. पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिन या संप्रेरकाने, आणि धसका घेतलेल्या बाईत तोच अडतो. बाहेर गाडीचं दार वाजलं तरी दचकणाऱ्या बाईला मी 'रिलॅक्स होऊन पाज' कसं सांगू?

२०२१ पासून असा लेखी आदेश आहे की गरोदर, वर्षभराच्या आतली बाळंतीण आणि पाजणारी आई यांना अपवाद वगळता कोठडीत ठेवू नये. कुठलीही कारवाई करायचीच असेल तर निदान एवढं तरी काटेकोर पाळलं जावं, यासाठी आपापल्या लोकप्रतिनिधींना लिहा. मतदार असाल तर नक्की लिहा.

अंकलिपी

एक प्रश्न. त्या बाईने पत्त्याबद्दल विचारलं तेव्हा तुम्ही काय उत्तर दिलंत?

जास्वंदी

खरं ते सांगितलं. विकची माहिती आम्ही इमिग्रेशनला देत नाही आणि व्हिसाबद्दल काही लिहूनच घेत नाही, त्यामुळे तसं काही आमच्या कागदावर नाही. 'कुठलंच सरकारी खातं कधीच काही देणार नाही' असं मात्र मी म्हणाले नाही. जून २०२५ मध्ये मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविमा योजनेच्या लाभार्थींची माहिती काही राज्यांपुरती, इमिग्रेशन ज्याच्या हाताखाली येतं त्या गृहसुरक्षा खात्याकडे दिली गेली, हे तिनेही ऐकलेलं होतं. खोटा दिलासा दिला आणि उद्या उघडा पडला तर ती परत कधीच येणार नाही. तिने बोट पुढे केलं. हिमोग्लोबिन कमी निघालं, गोळ्या सुरू केल्या. पुढच्या वेळी फोनवर बोलू असं ठरलं, कारण सल्ल्याच्या काही भेटी फोनवर घेता येतात.

मोगरा_ह्युस्टन

धागा वाचून विचारते. आमच्या बिल्डिंगमध्ये सफाईला येणाऱ्या ताईंना पाचवा महिना आहे, अजून एकदाही तपासणी नाही. स्पॅनिश बोलतात, मला मोडकीतोडकी येते. त्यांना कुठे पाठवू?

जास्वंदी

@मोगरा_ह्युस्टन, पाचवा म्हणजे उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. याच आठवड्यात बघा. आधी जवळचं कम्युनिटी हेल्थ सेंटर शोधा. केंद्र सरकारचं अनुदान असलेली ही केंद्रं उत्पन्नाप्रमाणे फी लावतात आणि स्पॅनिश बोलणारा माणूस तिथे नक्की असतो. फोन तुम्ही करा, नाव न सांगता आधी फीचं आणि कागदांचं विचारून घ्या. टेक्ससमध्ये गरोदर बाईला पोटातल्या बाळाच्या नावाने चिप या मुलांच्या सरकारी आरोग्यविमा योजनेतून तपासण्या मिळू शकतात, त्याचा अर्ज केंद्रातली माणसं समजावून देतील. अर्ज करायचा की नाही ते त्यांनाच ठरवू द्या, तुम्ही आग्रह धरू नका. विकचंही तिथेच विचारा.

कळा सुरू झाल्या की कुठल्याही हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत त्यांना तपासून बाळंतपण करावंच लागतं, तसा कायदा १९८६ पासून आहे. हे त्यांना आत्ताच सांगून ठेवा. आणि डोकं सतत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, अंगावरून रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर दिवस उजाडायची वाट बघायची नाही, हे स्पॅनिशमध्ये लिहून त्यांच्या हातात द्या. मजकूर मी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. जमलं तर पहिल्या भेटीला तुमच्या गाडीने घेऊन जा.